शिकवणीची गरज कोणी निर्माण केली?

होसूर-सर्जापूर रोड या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी बेंगळूरुची एचएसआर लेआउट ही वसाहत नवउद्योगांचे माहेरघर मानली जाते. ‘वेदांतू’ या ऑनलाइन शिकवणी कंपनीचा कारभार येथूनच वाढला. करोनाकाळात पडद्यावरून शिकवणाऱ्या या उद्योगाने शाळा उघडताच प्रत्यक्ष वर्गांची केंद्रेही थाटली. यंत्र आले तरी वर्ग काही सुटला नाही. अशा वसाहतीत दहावीचा निकाल लागला की पालकांपुढे पुढल्या दोन वर्षांचा प्रश्न उभा राहतो. मुलाने महाविद्यालयात शिकायचे की क्लासमध्ये? आणि क्लास न लावता बारावीला उत्तम गुण मिळणे शक्य तरी आहे काय?

या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. बारावीचे गुण ही एक बाब आणि बारावीनंतरचा प्रवेश ही दुसरी. त्या वेगळ्या केल्याखेरीज उत्तर सापडत नाही.

प्रथम गुणांचा विचार करू. कर्नाटकातील द्वितीय पीयूसी म्हणजे आपली बारावी. तेथील विज्ञान शाखेला एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके आहेत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या विषयांत ७० गुण लेखी परीक्षेला, तर ३० प्रात्यक्षिकाला असतात. मंडळ नमुना प्रश्नपत्रिका आधीच जाहीर करते. केंद्रीय मंडळ तर दरवर्षी त्यासोबत गुणदानाची पद्धतही प्रसिद्ध करते. २०२४ आणि २०२५ मध्ये कर्नाटकात वर्षातून तीन परीक्षा झाल्या आणि विद्यार्थ्याला त्यातील सर्वोत्तम गुण ठेवता आले. ज्या परीक्षेचे पुस्तक, आराखडा आणि उत्तराची अपेक्षा अशी उघड आहे, तिच्यासाठी नियमित शिकवणारा शिक्षक, वेळेवर होणारे प्रयोग आणि तपासून परत मिळणाऱ्या सराव उत्तरपत्रिका एवढे पुरते. हे जिथे मिळते तिथे क्लास हा अधिकचा खर्च आहे. जिथे मिळत नाही तिथे क्लास शाळेची उणीव भरून काढतो, आणि ती उणीव विद्यार्थ्याची नव्हे.

जिल्हावार निकालही हेच सुचवतात. २०२५ च्या पहिल्या परीक्षेत राज्याचा निकाल ७३.४५ टक्के लागला. उडुपी ९३.९० आणि दक्षिण कन्नड ९३.५७ टक्क्यांवर होते. शिकवणी उद्योगाची राजधानी म्हणावी अशा बेंगळूरुचा दक्षिण जिल्हा ८५.३६ टक्क्यांसह तिसरा, तर यादगीर ४८.४५ टक्क्यांसह शेवटचा होता. उत्तीर्णांचे प्रमाण म्हणजे उच्च गुण नव्हेत, हे मान्य. किनारपट्टीवरील काही नामांकित निवासी महाविद्यालये प्रवेश परीक्षांची तयारीही करून घेतात, हेही खरे. पण जिल्ह्यातली शंभरातली चौऱ्याण्णव मुले काही तेवढ्याच महाविद्यालयांत शिकत नाहीत. उडुपी आणि यादगीर यांच्यातील दरीमागे जुन्या शिक्षणसंस्था, टिकून राहणारे शिक्षक आणि आईवडिलांचे शिक्षण यांचा इतिहास आहे. यादगीर हा निजामी राजवटीखालून आलेल्या प्रदेशाचा भाग. त्या प्रदेशाच्या मागासलेपणासाठी २०१२ मध्ये घटनादुरुस्ती करून अनुच्छेद ३७१(जे) आणावा लागला. मराठवाड्याचा अनुशेष ठाऊक असलेल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगायला नको.

‘क्लास लावणाऱ्यांना गुण अधिक मिळतात’ हा युक्तिवादही तपासून घ्यावा लागतो. क्लास लावणारी मुले बहुधा सुस्थित व सुशिक्षित घरांतली असतात आणि नावाजलेले क्लास चाचणी घेऊन निवडक मुलांनाच वरच्या तुकडीत घेतात. मग गुण क्लासमुळे मिळाले की निवडीमुळे, हे कसे ठरवायचे? जादा शिकवण्याचा लाभ होतो, याचे पुरावे आहेत. मुंबई व वडोदरा येथे ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमात मागे पडलेल्या प्राथमिक विद्यार्थ्यांना छोट्या गटांत शिकवण्यात आले. अर्थतज्ज्ञ अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात त्या मुलांची प्रगती ठळकपणे दिसून आली. परंतु तेथे मदत सर्वांत दुर्बल मुलांना, त्यांच्या पातळीवर आणि विनामूल्य मिळाली होती. बाजारातील शिकवणीचा क्रम नेमका उलटा असतो.

आता दुसरी बाब, प्रवेशाची. येथे मात्र पालकाची भीती निराधार नाही. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मुख्य परीक्षेच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के भार होता. २०१७ पासून तो काढला गेला आणि बारावी ७५ टक्क्यांच्या पात्रतेपुरती उरली. वैद्यकीय प्रवेशात नीटच निर्णायक झाली. केंद्रीय विद्यापीठांनी २०२२ मध्ये सीयूईटी स्वीकारली. महाराष्ट्रात अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीवर ठरतो. बारावीचे गुण तेथेही पात्रतेपुरतेच. दोन वर्षांच्या शिक्षणाला प्रवेशात किंमतच नसेल, तर विद्यार्थी वर्गात कशासाठी बसेल? ‘डमी’ प्रवेश हे या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे. केंद्रीय मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली व राजस्थानातील २१ शाळांची संलग्नता या कारणासाठी काढून घेतली. पण शाळा रिकामी पाडणारे धोरण तसेच ठेवून रिकाम्या शाळेला शिक्षा केल्याने फार काही साधत नाही.

प्रवेश परीक्षा अन्यायाच्या हेतूने आल्या नव्हत्या, हेही इतिहास सांगतो. देणगीशुल्काचा सर्वाधिक बभ्रा झालेल्या राज्यांत कर्नाटक होते. मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य हा १९९२ चा निकाल आणि पुढल्या वर्षीचा उन्नीकृष्णन निकाल यांच्या पार्श्वभूमीवर राज्यात सामाईक प्रवेश परीक्षा रुजली. पैशाऐवजी गुणवत्ता, हा तिचा हेतू होता. आज त्याच परीक्षेची तयारी पैशाने विकत घ्यावी लागते.

कर्नाटकाने तरी अभियांत्रिकीसाठी बारावी आणि सीईटी यांना निम्मा-निम्मा भार ठेवला आहे. त्यामुळे वर्गातल्या शिक्षणाचे मोल टिकते. २०२४ मध्ये सीईटीत अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न आल्याची ओरड झाली, तेव्हा परीक्षा प्राधिकरणाला तब्बल ५० प्रश्न मूल्यांकनातून वगळावे लागले. शिकवणीची गरज कशी निर्माण होते, याचा याहून स्पष्ट दाखला नाही. वर्गात जे शिकवलेच नाही ते परीक्षेत विचारले, की ते शिकवणाऱ्याची बाजारपेठ आपोआप तयार होते.

मग प्रवेश परीक्षाच रद्द करावी काय? तामिळनाडूने अभियांत्रिकीसाठी २००७ पासून तेच केले आणि बारावीचे गुण निर्णायक ठरवले. त्याचा ग्रामीण मुलांना लाभ झाला. पण नामक्कलसारख्या भागातील निवासी शाळा अकरावीचा अभ्यासक्रम गुंडाळून दोन वर्षे बारावीच घोकून घेऊ लागल्या. क्लास शाळेच्या आवारात शिरला. त्याला आळा घालण्यासाठी २०१७-१८ पासून अकरावीलाही सार्वजनिक परीक्षा आणावी लागली. तात्पर्य, सगळे वजन एकाच परीक्षेवर टाकले की घोकंपट्टी तिच्या मागे जाते.

बंदीचा मार्गही जगाने अजमावून पाहिला आहे. दक्षिण कोरियाने १९८० मध्ये शिकवणीवर बंदी घातली, ती २००० मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने रद्द केली. चीनने २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफेखोर शिकवणीवर घाव घातला, तेव्हा श्रीमंतांसाठी ती घराघरांत लपून चालू राहिली आणि महागली. आपल्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शासकीय सेवेत एक गोष्ट मी पुष्कळदा पाहिली: बंदीचे परिपत्रक एका दिवसात निघते, शिक्षकांची रिक्त पदे मात्र वर्षानुवर्षे भरली जात नाहीत.

या दिरंगाईची किंमत कोण मोजतो? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ८०व्या फेरीनुसार २०२५ मध्ये देशातील २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत होते. उच्च माध्यमिक स्तरावर दर विद्यार्थ्यामागे शिकवणीचा सरासरी वार्षिक खर्च शहरांत ९,९५० रुपये, तर खेड्यांत ४,५४८ रुपये होता. एचएसआर लेआउटमधील अभियंत्याला ही रक्कम किरकोळ वाटेल. त्याच वसाहतीत घरकाम किंवा पहारा करण्यासाठी कल्याण कर्नाटकातून आलेल्या कुटुंबाचे तसे नाही. त्या घरातील मुलाच्या वाट्याला क्लास येत नाही. शाळेत शिक्षक नसेल तर त्याला दुसरा आधारच उरत नाही. शिकवणीच्या वादातील खरा पक्षकार तो आहे.

त्याच्यासाठी तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. कोणतीही प्रवेश परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमाची मर्यादा ओलांडणार नाही, असे बंधन कायद्याने घालावे. प्रवेशात बारावीला अर्थपूर्ण भार द्यावा. महाराष्ट्रात २०२२ मध्ये निम्म्या भाराची घोषणा झाली होती. ती अमलात आली नाही, ती पुन्हा विचारात घ्यावी. मंडळांच्या गुणदानातील तफावत हा तिच्यावरचा आक्षेप खरा आहे, पण त्यावर समानीकरणाचा उपाय आहे. आणि तिसरे, जादा शिकवणी शाळेतच, मागे पडलेल्यांना आधी आणि विनाशुल्क मिळावी.

हे स्वप्नरंजन नव्हे. ज्या ‘लातूर पॅटर्न’चे नाव आज क्लासच्या पाट्यांशी जोडले जाते, तो मुळात राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांत, तेथल्याच प्राध्यापकांच्या जादा तासांतून आणि अखंड सराव चाचण्यांतून उभा राहिला. क्लासची बाजारपेठ नंतर आली. महाविद्यालय शिकवत असेल तर गुण मिळतात, हे मराठवाड्याने त्याआधीच दाखवून दिले होते. बारावीच्या उत्तम गुणांसाठी खासगी शिकवणी अनिवार्य नाही. ती अनिवार्य वाटावी अशी व्यवस्था मात्र आपण कायदे, परीक्षा आणि रिक्त पदे यांतून उभी केली आहे. जी धोरणाने उभी राहिली, ती धोरणानेच बदलता येईल.