शुभंकरांच्या बैठका आणि कायद्यातल्या खुर्च्या

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधल्या एका तरतुदीची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा पूर्वी तो झालेल्या दोन व्यक्ती असाव्यात, काळजीवाहकांचे दोन आणि स्वयंसेवी संस्थांचे दोन प्रतिनिधी असावेत, असं हा कायदा सांगतो. जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाची व्यक्ती ज्यांची अध्यक्ष असते, त्या पुनर्विलोकन मंडळांतही दोन जागा रुग्ण, काळजीवाहक किंवा त्यांच्या संघटनांसाठी ठेवल्या आहेत. ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा त्यालाच निर्णय घेणाऱ्यांत बसवायचं, ही माझ्या मते या कायद्यातली सर्वांत मोठी गोष्ट आहे.

पण या खुर्च्यांवर बसणारी माणसं यायची कुठून? एखाद्या रुग्णाला घरी का सोडत नाही, त्याला बांधून का ठेवलं, औषधाचा त्रास होत असताना ते बदललं का नाही, असं न्यायाधीश आणि मानसोपचारतज्ज्ञांसमोर ठामपणे विचारायचं, तर आपल्या एका घरचा अनुभव पुरत नाही. चाळीस घरांतलं ऐकलेलं असावं लागतं. ते ऐकायला मिळतं स्वमदत गटात, जिथे शुभार्थी आणि शुभंकर वर्षानुवर्षं ठरल्या वेळी एकत्र बसतात. आजाराला तोंड देणारा तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर. या कामातल्या मराठी माणसांच्या तोंडी हे शब्द आता रुळले आहेत. मानसोपचाराचा इतिहास आपण इस्पितळं, औषधं आणि कायदे यांच्या सनावळीत सांगतो. या गटांचा उल्लेख झालाच तर शेवटी, आभारप्रदर्शनात येतो. तो क्रम बदलायला हवा.

1858 च्या कायद्यांपुढे मुख्य प्रश्न होता तो वेड लागलेल्याला कोंडायचं कसं आणि त्याच्या मालमत्तेचं काय करायचं, हा. 1912 च्या कायद्यापर्यंत या इस्पितळांवर तुरुंग खात्याची देखरेख होती; पुढे ती सिव्हिल सर्जनकडे आली. रत्नागिरी, ठाणे, येरवडा आणि नागपूर इथली आपली चारही मोठी मनोरुग्णालयं ब्रिटिश अमदानीतली आहेत. 1946 मध्ये भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा इंग्लंडमध्ये साधारण 300 माणसांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती आणि हिंदुस्थानात साधारण 40,000 माणसांमागे एक. याचा सरळ अर्थ असा की बहुतेक सगळे रुग्ण तेव्हाही घरातच होते. त्यांना घरचे सांभाळत होते, कधी मायेने, कधी माळ्यावर किंवा गोठ्यात बांधून. सरकारी कागदांत मात्र या घरच्या माणसांचा मागमूस नाही.

तो पहिल्यांदा ठळकपणे दिसतो अमृतसरमध्ये. 1950 च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते डॉ. विद्यासागर. फाळणीनंतरचा पंजाब, खचाखच भरलेलं इस्पितळ आणि हाताशी मोजकेच डॉक्टर. विद्यासागरांनी रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं, सोडून जाऊ नका, इथेच राहा. इस्पितळाच्या आवारात तंबू लागले आणि कुटुंबं आपल्या माणसाजवळ राहू लागली. डॉक्टर रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र बसवून बोलत, लोकांना ठाऊक असलेल्या गोष्टींचे दाखले देत आजार समजावून सांगत. याचे परिणाम तीन झाले. आपल्याला टाकून दिलं ही रुग्णाच्या मनातली भीती गेली. घरच्यांना आजारी माणसाशी वागायचं कसं ते कळलं. आणि गावी परतलेली ही मंडळी इतरांना सांगू लागली, की हा आजार आहे आणि तो बरा होऊ शकतो.

जगभर कुटुंबाला उपचारापासून चार हात दूर ठेवलं जात असतानाचा हा प्रयोग आहे, आणि तो केवळ तुटवड्यातून आलेला नाही. रुग्णाला सांभाळण्याचं शहाणपण घरच्यांकडेही असतं, हा विश्वास त्याच्या मुळाशी होता. तरी तो देशभर पसरला नाही, कारण तो एका माणसाच्या निष्ठेवर उभा होता. त्यासाठी नियम झाला नाही, की स्वतंत्र तरतूद झाली नाही.

1975 पासून हरियाणातल्या रायपूर राणीत आणि बंगळुरूजवळच्या साकलवाड्यात गावपातळीवरच्या मानसोपचाराचे प्रयोग झाले. 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, बेल्लारीत जिल्ह्याचा नमुना बसवला गेला आणि 1996 पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. हे सगळं आवश्यकच होतं. पण या आराखड्यांत कुटुंबाची भूमिका रुग्णाला आणण्याची आणि त्याला गोळ्या देण्याची, एवढीच राहिली.

बाहेर मात्र कुटुंबं स्वतः उठत होती. 1970 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जॉन प्रिंगल या पित्याने मुलाच्या स्किझोफ्रेनियाविषयी लिहिलं. त्यातून जमलेल्या कुटुंबांनी 1972 मध्ये राष्ट्रीय संघटना उभी केली. अमेरिकेत 1979 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनमध्ये अशीच सुरुवात झाली. आपल्याकडे व्यसनमुक्तीच्या कामाने वाट मोकळी केली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा भारतात 1957 पासून होत आहेत. 1986 मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं आणि व्यसनी माणसांच्या पत्नींचा ‘सहचरी’ गट तिथेच उभा राहिला. नवऱ्याची दारू हे आपलं पाप नाही, हे त्या बायका एकमेकींकडून शिकल्या.

1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली. तिच्यामागे होते डॉ. जगन्नाथ वाणी, मूळचे धुळ्याचे, कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. घरात काय चाललंय हे कोणाला कळू नये म्हणून सुशिक्षित कुटुंबं आयुष्य पणाला लावत, त्या काळात या माणसाने ते उघडपणे सांगितलं आणि आपल्यासारख्या इतरांना बोलावलं. 2004 मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा सिनेमा आला. त्यातला शेष आणि त्याची बहीण पाहून ‘हे आमच्याच घरातलं आहे’ असं म्हणणारी माणसं मराठी मुलुखात गावोगाव निघाली. डॉक्टरांच्या शंभर व्याख्यानांनी झालं नसतं ते काम त्या सिनेमाने केलं, असं मी जबाबदारीने म्हणतो.

याच काळातली दुसरी घटना विसरता येत नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. 28 जण मृत्युमुखी पडले. त्या रुग्णांना तिथे त्यांच्याच घरच्यांनी आणून ठेवलं होतं, आणि त्यासाठी त्यांना निर्दय ठरवणं सोपं आहे. पण शेजारी समजून घेणारं कोणी नाही, जिल्ह्यात डॉक्टर नाही, पैसे संपलेत, अशा अवस्थेत एकटं पडलेलं कुटुंब शेवटी काय करतं, ते एरवाडीने दाखवलं.

मी पाहिलेल्या बैठका साध्या आहेत. वाचनालयाची मागची खोली, वर्तुळात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, दुपारची वेळ. एका तालुक्याच्या गावी नवीन आलेली एक आई सांगत होती, “गोळी आमटीत कालवून देते. संशय आला की ताट भिरकावतो.” समोरचे काका म्हणाले, “ताई, मीही हेच केलं. मुलाला कळलं आणि तो माझ्या हातचं पाणीसुद्धा पिईना. मग डॉक्टरांशी बोलून महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं, त्याला सांगून, त्याच्यासमोर.” कडेला बसलेला एक शुभार्थी तरुण इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, “त्या गोळीने लाळ गळते, दिवसभर झोप येते, वजन वाढतं. काकू, आधी त्याला एवढं विचारा, की तुला गोळीचा काय त्रास होतो. मला हे कोणी विचारलंच नाही.” त्या आईने पिशवीतून वही काढली आणि इंजेक्शनचं नाव लिहून घेतलं.

अशी बैठक आपोआप चालत नाही. स्वतःचं सांगायचं, दुसऱ्याला उपदेश करायचा नाही. औषध बंद करा असं कोणी कोणाला सांगायचं नाही. खोलीतलं बोलणं खोलीतच ठेवायचं. ‘जगावंसं वाटत नाही’ असं कोणी बोललं तर विषय बदलायचा नाही. चालवणाऱ्याने त्याला बाजूला घेऊन स्पष्ट शब्दांत विचारायचं, त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. 14416 या ‘टेली-मानस’ मदतवाहिनीच्या क्रमांकाचा कागद भिंतीवर हवा. आणि चालवणाऱ्यांची पाळी बदलायला हवी. एका निवृत्त बाईंच्या खांद्यावर सगळा भार टाकलेला गट त्या आजारी पडल्या की बंद होतो, हे वारंवार घडलं आहे.

आणखी एक अवघड गोष्ट आहे. शुभंकर आणि शुभार्थी यांचं हित प्रत्येक वेळी एक नसतं. थकलेल्या बापाला मुलाला दाखल करायचं असतं. मुलाला ती कैद वाटते. पुण्यात 1999 मध्ये बापू ट्रस्ट सुरू करणाऱ्या भार्गवी दावर यांनी हा प्रश्न सातत्याने लावून धरला: मानसिक आजाराविषयी सगळे बोलतात, ज्याला तो झाला त्याला बोलू दिलं जातं का? बऱ्याच गटांत आजही आई-वडीलच बोलतात आणि शुभार्थी चहा देतात. महिन्यातून एक बैठक फक्त शुभार्थींची असावी, त्यांनीच चालवलेली, असं माझं मत आहे. त्यातून घरात वाद होतील, ते होऊ द्यावेत. प्राधिकरणावरच्या त्या दोन जागांवर बसणारा माणूस तिथूनच येईल.

आधाराच्या पुढचं पाऊल याच खोलीत पडतं. ‘रिस्पेरिडोन मिळालं नाही, बाहेरून घ्या म्हणाले’ हे एका घराने सांगितलं तर ती अडचण असते. सहा घरांनी सांगितलं की तक्रार होते. आवश्यक यादीतली मानसोपचाराची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी संस्थांत मोफत आणि सर्व काळ मिळाली पाहिजेत, असं 2017 चा कायदा सांगतो. मानसिक आजारामुळे 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रावर सवलती मिळतात. पण जो घराबाहेर पडायला घाबरतो त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी रांगेत उभं कसं करायचं, हे ज्याने केलंय तोच सांगू शकतो. केवळ रडून मन हलकं करणाऱ्या गटातून माणसं काही महिन्यांत गळतात, आणि केवळ निवेदनं देणाऱ्या गटाकडे कोसळलेलं घर फिरकत नाही. दोन्ही एकाच गटाने करावं लागतं.

यात सरकारला आपली जबाबदारी गटांवर ढकलता येणार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत झालेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, घरोघर बोलले, समुपदेशन आणि डॉक्टर यांची साखळी जोडली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. नाशिकच्या पेठ तालुक्यातल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पानेही गावातल्या माणसांवरच भिस्त ठेवली. ही माहिती हाताशी असताना आपण अजून मुदतीच्या प्रकल्पांवर का चालतो? स्वमदत गटाचा खर्च म्हणजे एक खोली, चहा आणि चालवणाऱ्यांचं प्रशिक्षण. जिल्हा कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी कायमची ओळ असायला हवी.

ती येईपर्यंत थांबायचं कारण नाही. तालुक्यातल्या पाच-सात घरांनी ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे सह्यांनिशी अर्ज द्यावा आणि त्यात तीन गोष्टी मागाव्यात. महिन्यातल्या ठरलेल्या दोन दुपारी बसायला खोली मिळावी. जिल्हा कार्यक्रमाच्या पथकाचा मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या तारखेला येणार ते फलकावर लावावं. गेल्या तीन महिन्यांत यादीतलं कोणतं औषध किती दिवस शिल्लक नव्हतं, ते लेखी कळवावं. अर्जाची पोच घ्यावी. उत्तर आलं नाही तर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारावेत, आणि 30 दिवसांची मुदत उलटली की पहिलं अपील करावं.