वॅट नको, पेटी बघा!

परवा गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये बेस गिटारसाठी ॲम्प्लिफायर घ्यायचा विषय निघाला आणि पहिला प्रश्न आला, "किती वॅटचा?" दुसराही तोच. शेवटी कोटेशन मागवायचं ठरलं ते सर्वात जास्त वॅटच्या, अठरा इंची स्पीकरवाल्या डीजेच्या पेट्यांचं. वर्गणी आपल्या सगळ्यांच्या खिशातली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या बँडचं संगीत होस्टेलला माहीत आहेच (नको इतकं माहीत आहे!). जड आणि संथ. एक सूर छेडायचा आणि तो विरेपर्यंत थांबायचं. याचं मूळ इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथ या बँडमध्ये. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनमध्ये तुटली (वर्कशॉपवाल्यांनी लक्षात ठेवावं). पुढे तारा दाबायला सोप्या जाव्यात म्हणून त्याने त्या सैल केल्या, आणि १९७१ च्या अल्बममध्ये बँड तीन स्वर खाली उतरला. तार तीन स्वर खाली आणली की ताण जवळजवळ ३० टक्के कमी होतो, सूत्र सगळ्यांना पाठ आहेच. बेसची सर्वात जाड तार ४१ हर्ट्झवरून साधारण ३५ वर येते. हवेत या सुराची तरंगलांबी जवळजवळ १० मीटर, म्हणजे आपल्या खोलीत तो मावतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे विलायती पुराण कशाला? तर मी राजूरचा. गणपतीचं राजूर, भोकरदन तालुक्यातलं. आमच्याकडे सप्त्यात भजन सुरू होण्याआधी पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात. वजन वाढलं की सूर खाली जातो. आयोमीने ताण कमी केला, आमचे बुवा वस्तुमान वाढवतात, भौतिकशास्त्र एकच. मंडपात पखवाजाजवळ बसलं की तो घुमारा छातीत जाणवतो. पण घरी ओट्यावर बसून कर्ण्यातून ऐकलं तर नुसती टकटक. वादक तोच, मशीन तगडं, तरी घुमारा गेला कुठे? कर्ण्याचं तोंड खालच्या सुरांसाठी बनलेलंच नसतं. मशीनचे वॅट दुप्पट केले असते तर टकटकच वाढली असती.

वॅटचा हिशोब तसाही फसवा. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. उलट एक पेटी एका वॅटला ९४ डेसिबल देते आणि दुसरी १००, तर दुसरीला १०० वॅटमध्ये जे जमतं त्याला पहिलीला ४०० लागतील. हा आकडा दुकानात कुणी विचारतच नाही! आणि पीएमपीओ म्हणून छापलेले हजारो वॅट तर सरळ विसरा. आरएमएस विचारा. संथ संगीतात सूर लांबतो, कॉइलला गार व्हायला उसंत मिळत नाही.

राहिल्या डीजेच्या पेट्या. त्या वाईट नाहीत, पण त्यांचं काम वेगळं. क्रॉसओव्हर लावून साधारण १०० हर्ट्झच्या वरचं त्यांच्यापर्यंत येऊच देत नाहीत. बेसची खरी गुरगुर मात्र तिथूनच वर असते. गंमत म्हणजे ३५ चा सूर फारसा नसला तरी ७० आणि १०५ चे त्याचे भाऊबंद नीट ऐकू आले की मेंदू मूळ सूर स्वतःच जुळवून घेतो. म्हणूनच १९६९ साली आलेल्या अँपेगच्या ३०० वॅटच्या प्रसिद्ध ॲम्पसोबत अठरा इंची नव्हे, आठ-आठ दहा इंची स्पीकरच्या बंद पेट्या होत्या. बंद पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी कोनला आवरते. भोकवाली पेटी ठराविक सुरापर्यंत जास्त घुमते, पण त्याखाली गेलं की कोन मोकाट सुटतो, आणि आम्ही नेमके तिथेच वाजवतो.

माझं मत सरळ आहे. ३०० ते ५०० वॅट आरएमएसचा साधा ट्रान्झिस्टरचा किंवा क्लास डी ॲम्प, आणि चार-चार दहा इंचीच्या दोन बंद पेट्या, प्रत्येकी ८ ओहम. समांतर जोडल्या की ४ ओहम. ॲम्प ४ ओहमला चालतो ना, एवढं पाहून घ्यायचं. आठ स्पीकरची एकच पेटी साठ किलोच्या वर जाते आणि आपल्या जिन्यात ती कोण चढवणार? व्हॉल्व्हच्या ॲम्पचा आवाज मलाही आवडतो, पण पेटीची वायर न लावता कुणी तो चालू केला की ट्रान्सफॉर्मर जायची भीती, आणि आपल्याकडे असा "कुणी" हमखास निघतो. मैदानावर लांबपर्यंत पोचवायला भाड्याची साउंड सिस्टीम लागेलच, तिला ॲम्पमधून लाइन देता येते. रात्री दहाचा नियम आम्हाला माहीत आहे, रेक्टर सरांनी काळजी करू नये.

शनिवारी जालन्याला दुकान बघायला जातोय. बेस मी घेतो, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी मल्टीमीटर आणावा. आणि ८ ओहमच्या पेटीवर ६ च्या आसपास आकडा दिसला तर दुकानदाराशी भांडायचं नाही, तो नुसता डीसी रेझिस्टन्स असतो.