वयोमर्यादेपलीकडचे हृदय

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारत योजनेत सामावून घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला. कुटुंबागणिक वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची ही हमी आहे. तिच्या राजकारणाविषयी आणि तिजोरीवरील भाराविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या मानाने अगदी कमी चर्चिला गेलेला प्रश्न असा, की या पैशातून ज्या वृद्ध हृदयांवर उपचार होणार आहेत, त्यांच्याविषयी आपल्याजवळ स्वतः मिळवलेले ज्ञान किती आहे?

ऐंशीच्या घरातील, मधुमेह असलेल्या आणि मूत्रपिंडे थकलेल्या स्त्रीचा रक्तदाब कुठवर उतरवावा, हा रोजच्या बाह्यरुग्ण विभागातला प्रश्न आहे. फार उतरवला तर चक्कर येऊन ती पडते आणि खुब्याचे हाड मोडते. उतरवला नाही तर पक्षाघाताचे भय. ऐंशी वर्षांवरील व्यक्तींना रक्तदाबाच्या औषधांचा लाभ होतो, हे ठामपणे दाखवणारी ‘हायव्हेट’ चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ३,८४५ रुग्ण होते आणि ते युरोप, चीन, ऑस्ट्रेलेशिया व ट्युनिशिया येथले होते. भारत त्यात नव्हता. रक्तदाब अधिक खाली आणण्याचा लाभ दाखवणाऱ्या २०१५ च्या ‘स्प्रिंट’ चाचणीत पंचाहत्तरी गाठलेले रुग्ण चतुर्थांशाहून अधिक होते, पण ती अमेरिकेची. आपले डॉक्टर दुसऱ्यांच्या आजोबांवरून आपल्या आजोबांचे अनुमान काढतात.

असे का झाले, याचे एक कारण सयुक्तिक आहे. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांची माहिती नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडली. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचे सरासरी वय इतर देशांत ५८.८ वर्षे होते, आपल्याकडे ते ५३ होते. साहजिकच तरुण हृदयांकडे लक्ष गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेते पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी गेले, तेव्हा तपासणीसाठी बंगळुरूच्या हृदयरुग्णालयांत तरुणांची रीघ लागली होती. कर्त्या माणसाच्या मृत्यूने घर कोसळते, हे कोण नाकारील? पण मृत्यूचे वय पुढे सरकल्यावर तो संशोधनाच्या कक्षेबाहेर जावा, याला मात्र शास्त्रीय आधार नाही.

निवृत्तीनंतर मी शहरातील एका वैद्यकीय संस्थेच्या नैतिकता समितीवर सामान्य नागरिकाचा प्रतिनिधी म्हणून बसतो. २०१९ च्या नियमांनुसार अशा समितीत वैद्यकाशी संबंध नसलेला एक तरी सदस्य असावाच लागतो. एम.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रबंधप्रस्ताव आमच्यासमोर येतात. हृदयविकारावरील प्रस्तावांत ‘वय १८ ते ६५’ किंवा ‘१८ ते ७५’ ही ओळ इतक्या वेळा दिसते की मी एकदा तिचे कारण विचारले. विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे सांगितले, की मार्गदर्शकांच्या आधीच्या विद्यार्थ्याने हीच मर्यादा ठेवली होती. इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रकार परिचयाचा आहे. एका लेखनिकाच्या हातून पोथीत चूक शिरते आणि पुढच्या सगळ्या नकला ती निष्ठेने वाहून नेतात. मूळ ओळ कोणत्या औषधासाठी, कोणत्या धोक्यापायी लिहिली गेली, हे कोणालाच ठाऊक नसते. मार्गदर्शकाचे काम इथूनच सुरू व्हायला हवे.

मी राहतो त्या चिकपेटेत वृद्धांचे वय हीच मुळात चौकशीची बाब आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही जुन्या माणसांजवळ जन्मदाखला क्वचितच सापडतो. ‘सत्तर असेल’ असे उत्तर येते आणि नोंदवहीत सत्तर लिहिले जाते. आपल्या जनगणनांत शून्य आणि पाच या अंकांवर वयांची गर्दी होते, हे लोकसंख्याशास्त्रज्ञ फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. म्हणून तर प्रगणकांना स्वातंत्र्य, राज्य पुनर्रचना, एखादा दुष्काळ किंवा पूर अशा खुणांवरून वय काढायला शिकवले जाते. हे कौशल्य तरुण संशोधकाला कोण शिकवतो? वृद्धांच्या झटक्यात छातीत कळ येईलच असे नाही; धाप, घेरी किंवा नुसता थकवा एवढेच लक्षण असू शकते. ते विचारून घ्यायला वेळ लागतो, रुग्णाची भाषा लागते, आणि सूनबाईंनी परस्पर दिलेले उत्तर बाजूला ठेवण्याचे सौजन्यही लागते. संमतिपत्रावर मुलाची सही पुरेशी मानण्याची सवय तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

चांगले मार्गदर्शन काय घडवते, याचे उदाहरण याच शहरात आहे. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून सलीम युसुफ ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. तिथे पीटर स्लाइट यांच्या हाताखाली, हजारो रुग्णांच्या साध्या पण भव्य चाचण्या कशा उभारायच्या, हे ते शिकले. पुढे त्यांच्या सहकार्याने सेंट जॉन्समध्येच प्रेम पैस, डेनिस झेवियर अशी संशोधकांची फळी उभी राहिली. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या ‘क्रिएट’ नोंदणीत ५० शहरांतील ८९ केंद्रांचे २०,४६८ रुग्ण होते. झटक्याची लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंत मध्यमानाने सहा तास जात होते. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के, तर गरिबांत ८.२ टक्के होते. आणि उपचारांतील फरक हिशेबात घेतला की ही तफावत नाहीशी होत होती. गरिबांची हृदये वेगळी नव्हती, त्यांना मिळालेले उपचार वेगळे होते. धोरणकर्त्याला याहून उपयोगी वाक्य क्वचित मिळते. याच परंपरेतल्या बहुगुणी गोळीच्या २००९ मधील चाचणीत वयाची वरची मर्यादा ८० होती, हेही नोंदवण्याजोगे.

याला अपवाद म्हणून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव घेतले जाईल. विंचूदंशात हृदय कसे कोलमडते आणि प्राझोसिनने ते कसे सावरता येते, हे त्यांनी ऐंशीच्या दशकात कोकणातल्या छोट्या गावातून जगाला दाखवले. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण एकट्याने वाट काढणाऱ्या माणसाच्या भरवशावर व्यवस्था उभी करता येत नाही.

व्यवस्थेची खरी अडचण काळाची आहे. पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचे. त्यातले पहिले काही महिने प्रस्ताव मंजूर होण्यात आणि शेवटचे काही परीक्षेत जातात. वृद्धाच्या हृदयाचे काय झाले, हे कळायला पाच-दहा वर्षे लागतात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे १९४८ मध्ये ५,२०९ रहिवाशांचा अभ्यास सुरू झाला. तिथे १९५० मध्ये तरुण डॉक्टर म्हणून आलेले विल्यम कॅनेल १९६६ मध्ये त्याचे संचालक झाले. माणसे बदलली, नोंदवही तीच राहिली.

शासकीय सेवेत बदली झाली की पदभार देण्या-घेण्याचा अहवाल तयार होतो. तहसीलदार गेला म्हणून तालुक्याची दप्तरे रद्दीत जात नाहीत. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र विद्यार्थी उत्तीर्ण झाला की त्याच्या दोनशे रुग्णांची यादी बांधीव प्रबंधाबरोबर ग्रंथालयाच्या कपाटात जाते. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने नवे दोनशे गोळा करण्याऐवजी आधीचेच रुग्ण, त्यांची नव्याने संमती घेऊन, पुढे पाहावेत, असे विद्यापीठाने ठरवले तर नवे पद निर्माण करावे लागत नाही. (वित्त विभागाचा पहिला आक्षेप कोणता असतो, हे मी तीन दशके ऐकले आहे.) २०२१ च्या तुकडीपासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते, गावी परतलेल्या रुग्णांचा माग तिथूनच घेता येईल. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती देते. तिच्यातली काही वृद्धांच्या हृदयविकारासाठी राखून ठेवावीत. वयाची वरची मर्यादा घालणाऱ्याने तिचे कारण प्रस्तावात लेखी द्यावे, ही अट तर नैतिकता समित्या उद्यापासून घालू शकतात.

मार्गदर्शकांना वेळ नसतो, ही तक्रार खरी आहे. सरकारी रुग्णालयातल्या प्राध्यापकासमोर सकाळी नऊपासून रांग असते. बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. विद्यार्थ्याबरोबर खाटेशी बसून घालवलेला तास कुठेही मोजला जात नाही. कामाच्या आठवडी तक्त्यात दोन तास मार्गदर्शनाचे म्हणून लिहिले जावेत आणि त्या वेळेत बाह्यरुग्ण विभाग दुसऱ्याकडे असावा.

सत्तरीवरील योजनेच्या देयकांतून आता मोठी माहिती जमा होईल. रुग्णांची ओळख झाकून ती तरुण संशोधकांना खुली करावी. पण देयक रुग्णालयातून सुटीच्या दिवशी संपते. त्यानंतर रुग्ण औषध घेतो का, पैशांअभावी गोळी अर्धी मोडतो का, जिना चढताना मध्ये थांबतो का, हे घरी जाऊन किंवा दूरध्वनीवरूनच विचारावे लागते. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ते करू शकतो; पहिल्या दोन-तीन भेटींना मार्गदर्शकाने त्याच्याबरोबर जावे, आणि बसभाडे संस्थेने द्यावे.