पेटंट म्हणजे सातबारा, गुणाचा दाखला नव्हे

"डॉक्टर, हे पेटंटेड आहे, म्हणजे चांगलंच असणार ना?" हा प्रश्न मला आता दर आठवड्याला एकदा तरी ऐकायला मिळतो. कधी ती चुंबकाची गादी असते, कधी पाणी 'अल्कलाईन' करणारे मशीन, तर कधी सुई न टोचता साखर दाखवणारे घड्याळ. आमच्या आचोळे भागातल्या सोसायट्यांमध्ये रविवारी सकाळी 'डेमो' होतो, चहा-बिस्किटे होतात आणि शेवटी खोक्यावरचा 'पेटंटेड टेक्नॉलॉजी' हा शिक्का दाखवला जातो. तो पाहिला की लोकांच्या शंका संपतात. माझ्या मते शंका तिथूनच सुरू व्हायला हव्यात.

आज एकच मुद्दा मांडायचा आहे आणि तो स्पष्टच मांडतो. पेटंट हा वस्तू गुणकारी किंवा सुरक्षित असल्याचा पुरावा नाही. तो पुरावा म्हणून पुढे करणारा विक्रेता एक तर स्वतः फसलेला असतो किंवा तुम्हाला फसवत असतो.

पेटंट कार्यालय काय तपासते?

शासकीय मराठीत पेटंटला 'एकस्व' म्हणतात. एकाचे स्वत्व, म्हणजे एकाची मालकी. भारतात यासाठी १९७० चा पेटंट कायदा आहे आणि पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. तेवढ्या काळात ती वस्तू दुसऱ्या कोणी परवानगीशिवाय बनवू किंवा विकू नये, एवढाच तो हक्क.

हा हक्क देण्यापूर्वी मुख्यतः तीन गोष्टी पाहतात. कल्पना नवी आहे का? त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी तर नाही ना? आणि उद्योगात ती बनवता किंवा वापरता येते का? मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे. तिथले परीक्षक अर्ज आणि जुने कागद तपासतात. शंभर रुग्णांना चुंबकाच्या गादीवर आणि शंभरांना साध्या गादीवर झोपवून कोणाची कंबरदुखी कमी झाली, हे पाहणे त्यांचे काम नाही. निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणारा किंवा आरोग्याला गंभीर धोका असणारा शोध नाकारण्याची तरतूद कायद्यात आहे, हे मान्य. पण 'उघड अशक्य नाही' आणि 'रुग्णाला उपयोगी आहे' यांत फार मोठे अंतर आहे.

आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो. जमीन कोणाच्या नावावर आहे हे त्यावरून कळते. पण तिथल्या विहिरीचे पाणी प्यायला चांगले आहे की नाही हे सातबारा सांगत नाही, त्यासाठी पाणी तपासावे लागते. पेटंट हा कल्पनेचा सातबारा आहे.

हळदीची गोष्ट

पेटंट कार्यालय कागदांवर किती अवलंबून असते याचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरण्यासाठी हळदीचा वापर' यावर पेटंट मिळाले. आपली आजी कापलेल्या बोटावर हळद दाबायची, पण अमेरिकी परीक्षकासमोर ते कागद नव्हते. मूळचे गोव्याच्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरने जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

या विजयाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. पण नीट पाहा. सारा वाद 'हे नवीन आहे का' यावर होता. हळदीने जखम किती भरते, कोणती भरते, हा प्रश्न तिथे नव्हताच. पेटंट मिळाले म्हणून हळद जास्त गुणकारी झाली नाही आणि रद्द झाले म्हणून तिचा गुण कमीही झाला नाही.

शिक्क्यामागच्या क्लृप्त्या

बऱ्याचदा तर पेटंटही नसते. रुग्णांनी आणलेल्या खोक्यांवर मला हे प्रकार दिसतात:

१. 'पेटंट पेंडिंग': म्हणजे फक्त अर्ज केला आहे. अर्ज कोणीही करू शकतो. व्यक्तीसाठी त्याचे सुरुवातीचे सरकारी शुल्क हजार-दोन हजारांच्या घरात असते.

२. डिझाइनची नोंदणी किंवा ट्रेडमार्क: पहिल्याचा संबंध वस्तूच्या दिसण्याशी, दुसऱ्याचा तिच्या नावाशी किंवा चिन्हाशी. आतल्या तंत्राशी दोन्हींचा संबंध नाही.

३. 'आमचा गुप्त पेटंटेड फॉर्म्युला': हे वाक्य स्वतःलाच खोडून काढते. पेटंट हवे तर शोध कसा चालतो हे लिहून द्यावे लागते आणि अर्ज साधारण १८ महिन्यांनी सर्वांसाठी प्रसिद्ध होतो. गुप्त असेल तर पेटंट नाही, पेटंट असेल तर गुप्त नाही.

४. 'आमची उपचारपद्धती पेटंटेड आहे': भारतीय कायद्याच्या कलम ३ नुसार माणसावर उपचार करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळतच नाही. उपकरणाला मिळू शकते.

५. आयुर्वेदिक बाटलीवरचे 'पेटंट अँड प्रोप्रायटरी': औषध कायद्यातला हा एक वर्ग आहे. ग्रंथांत सांगितलेली द्रव्ये घेऊन कंपनीने स्वतः ठरवलेले मिश्रण, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी पेटंट कार्यालयाची पायरीही चढावी लागत नाही.

नसलेले पेटंट आहे असे सांगणे हा गैरप्रकार आहे आणि त्यासाठी आता दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आता या वस्तूंकडे पाहू

चुंबकाची गादी, पट्टा, कडे. सांगतात की रक्तातले लोह चुंबकाने खेचले जाते आणि रक्ताभिसरण सुधारते. हिमोग्लोबिनमधले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे वागत नाही. एमआरआयच्या यंत्रात १.५ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र असते, ते या गादीच्या कितीतरी पट जास्त. गादीने रक्त खेचले जात असते तर एमआरआयमधून कोणी जिवंत बाहेर आले नसते. उलट पेसमेकर बसवलेल्या रुग्णाच्या छातीजवळ चुंबक आला तर पेसमेकरचे काम बदलू शकते. हा धोका मात्र डेमोमध्ये कोणी सांगत नाही.

अल्कलाईन पाण्याचे मशीन. यातली काही लाखाच्या पुढे जातात आणि हप्त्यांवर घेतली जातात. आपल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ इतक्या अरुंद पट्ट्यात असतो आणि तो फुप्फुसे व मूत्रपिंडे सांभाळतात. पाणी पोटात गेले की आधी तीव्र आम्लाशी गाठ पडते. पाण्याने रक्त 'अल्कलाईन' होत नाही आणि कर्करोगही बरा होत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर असे पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नका. आपल्याकडे खरा प्रश्न आहे तो टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यातल्या जंतूंचा. त्यावर पाणी उकळणे, टाकी वेळेवर धुणे आणि गरजेप्रमाणे साधा प्युरिफायर हे उपाय आहेत.

सुईशिवाय साखर मोजणारे घड्याळ. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की त्वचेला न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्ट घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. या विषयावर पेटंटचे अर्ज मात्र जगभर झालेले आहेत. अशा घड्याळाचा आकडा पाहून कोणी इन्सुलिनचे युनिट ठरवले तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. (दंडावर चिकटवायचे सेन्सर वेगळे. त्यांचा बारीक तंतू त्वचेखाली जातो आणि त्यांच्या चाचण्या झालेल्या आहेत.)

पैसे गेले तर कमावता येतात. मला भीती वाटते ती थांबवलेल्या गोळ्यांची. माझ्याकडच्या पन्नाशीच्या एका ताईंची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७.२ होती. मशीन घेतल्यावर "आता गोळ्यांची गरज नाही" असे त्यांना सांगण्यात आले. सात महिन्यांनी पायाची जखम घेऊन त्या आल्या तेव्हा ती ११.४ होती. बोट वाचले, पण दोन महिने ड्रेसिंग चालले, आणि हप्ते अजून चालू आहेत. मशीन विकणारी त्यांचीच शेजारीण होती आणि तिनेही कर्ज काढूनच ते घेतले होते. म्हणून माझा राग त्या शेजारणीवर नाही. खोक्यावर तो शब्द छापून तिच्या हाती देणाऱ्यांवर आहे.

"पण डॉक्टर, मला बरं वाटलं!"

वाटले असेल, मी नाकारत नाही. गुडघेदुखी आणि कंबरदुखी मुळातच कमी-जास्त होते. आपण उपाय शोधतो तो दुखणे सर्वांत जास्त असताना, त्यामुळे पुढे ते थोडे उतरणारच होते. शिवाय मशीन घेतलेला माणूस पाणी जास्त पितो, कोल्ड्रिंक सोडतो, चालायला लागतो. मोठी रक्कम मोजल्यावर मनही फरक शोधते. म्हणूनच औषधाची किंवा उपकरणाची चाचणी घेताना दुसरा गट ठेवतात. 'माझ्या मावशीला गुण आला' हा अनुभव आहे, चाचणी नव्हे.

शोधकांवर माझा राग नाही

मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेले शंकर आबाजी भिसे हे आपल्या मातीतले मोठे शोधक. वजन करून माल भरणारे यंत्र, छापखान्यातले खिळे पाडणारे यंत्र, असे त्यांचे कितीतरी शोध आणि पेटंट. दादाभाई नौरोजींनी त्यांना मदत केली होती. खिळे पाडणारे यंत्र चालते की नाही हे मिनिटाला किती खिळे पडतात ते मोजून कळते. याच भिसे यांनी पुढे अमेरिकेत आयोडीनचे 'ॲटोमिडिन' नावाचे औषध काढले. पण औषधाची परीक्षा अशी मोजून होत नाही. आयोडीन शरीराला हवेच, मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम. जास्त झाले तर थायरॉईडच बिघडू शकते. बुद्धिमान शोधकाचे नावसुद्धा औषधाच्या चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

कोविडमध्ये घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर पाहा. जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या या कल्पनेसाठी १९७४ मध्ये पेटंटचा अर्ज झाला. पण डॉक्टरांनी त्यावर विश्वास ठेवला तो पुढच्या वर्षांत रक्ताच्या तपासणीशी त्याचे आकडे ताडून पाहिल्यावर. तरीही गडद त्वचेवर तो कधीकधी ऑक्सिजन जास्त दाखवतो, हेही चाचण्यांमधूनच कळले. पेटंटच्या कागदातून नाही.

आणि हा नियम आम्हा ॲलोपॅथीवाल्यांनाही लागू आहे. औषधाच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या टीबीवरचे बेडाक्विलिन हे महत्त्वाचे औषध. त्याच्या आणखी एका पेटंटला मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या टीबीतून बऱ्या झालेल्या दोघींनी हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. औषध होते तितकेच गुणकारी राहिले, इतर कंपन्यांना ते बनवण्याची वाट मात्र मोकळी झाली. मधुमेहाची साधी मेटफॉर्मिन, जुलाबावरचे ओआरएस यांच्यावर आज कोणाची मालकी नाही, आणि त्यांनी वाचवलेल्या जिवांची गणती नाही.

विकत घेण्यापूर्वी हे विचारा

• पेटंटचा क्रमांक काय? तो पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. पेटंट नेमके कशाला आहे तेही वाचा. कधीकधी ते नुसत्या झाकणाला असते.
• हे वैद्यकीय उपकरण आहे का? असेल तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक कुठे आहे?
• चाचणी किती माणसांवर, किती काळ आणि कोणाशी तुलना करून झाली?
• कोणी घेऊ नये? ज्या वस्तूचा 'कोणालाही काहीच त्रास नाही', तिचा बहुधा उपयोगही काही नसतो.
• गोळ्या बंद करा असे सांगितले का? सांगितले असेल तर तिथूनच उठा.

मधुमेह, कर्करोग असे आजार बरे करतो अशी जाहिरात करण्यावर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सोसायटीच्या कमिट्यांना माझी एक विनंती आहे. भाडेकरू ठेवताना आपण पोलीस पडताळणी मागतो. आरोग्याच्या नावाखाली हॉल मागणाऱ्याकडे वरच्या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मागा. देणार नसेल तर हॉल देऊ नका. आणि सरकारकडे मागणी आहे की, आरोग्याच्या दाव्याशेजारी 'पेटंटेड' छापायचे असेल तर क्रमांक आणि 'पेटंट हा परिणामकारकतेचा पुरावा नाही' हे वाक्य तितक्याच मोठ्या अक्षरांत छापणे सक्तीचे करा.

तोपर्यंत कोणतेही मशीन घरी आले तरी तुमच्या चालू गोळ्या मला किंवा तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. खोके घेऊन दवाखान्यात या, आपण मिळून त्यावरची बारीक अक्षरे वाचू.