नवा स्ट्रायकर आणि भाताचे शीत

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण मी कित्येक वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे. विद्यार्थी ती मुकाट्याने उतरवून घेतात आणि वाक्यात उपयोग करून दोन गुणही मिळवतात. पण फुटबॉलच्या शौकिनाने ऑगस्ट आणि सप्टेंबर ह्या दोन महिन्यांत ही म्हण तोंडातूनसुद्धा काढू नये, असे माझे मत आहे.

हे दोन महिने म्हणजे इंग्लंडमधल्या लीगच्या हंगामाची सुरुवात. क्लबाने कोट्यवधी पौंड मोजून नवा स्ट्रायकर आणलेला असतो. घरात नवी सून आली की तिच्या पहिल्या पोळीकडे जसे साऱ्या आळीचे डोळे लागत, तसे ह्या बिचाऱ्याच्या पहिल्या सामन्याकडे लागतात. पोळी फुगली तर लक्ष्मी आली, करपली तर... जाऊ द्या, सणासुदीच्या दिवसांत ते कशाला!

आमच्या घरी हा निकाल शनिवारी रात्री टीव्हीसमोर लागतो. खेळ सुरू होऊन वीस मिनिटे होतात न होतात तोच आमचे चिरंजीव जाहीर करतात, “बाबा, ह्याचे पैसे फुकट गेले!” मग मला आमच्या वेळच्या गोष्टी सांगाव्या लागतात.

१९९९ च्या ऑगस्टमध्ये थिएरी हेन्री आर्सेनलमध्ये आला. विश्वविजेत्या फ्रेंच संघातला खेळाडू; पण इटलीत युव्हेंटसने त्याला मैदानाच्या कडेला खेळवले होते. आर्सेन वेंगर ह्यांनी त्याला मधोमध, गोलासमोर आणले. झाले काय, तर सप्टेंबरची अठरा तारीख उजाडेपर्यंत त्याच्या नावावर एकही गोल नाही! त्या दिवशी साउदॅम्प्टनविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि सामन्यातला एकुलता एक गोल त्याने केला. त्या हंगामात त्याचे २६ गोल झाले. पुढे आर्सेनलसाठी त्याने एकूण २२८ केले आणि क्लबाचा उच्चांक आपल्या नावावर लावला. गंमत अशी, की चार वर्षे आधी, १९९५ मध्ये, त्याच क्लबात आलेल्या डेनिस बर्गकॅम्पलाही पहिल्या गोलासाठी सप्टेंबर सरत येईपर्यंत थांबावे लागले होते, आणि तोही साउदॅम्प्टनविरुद्धच!

चिरंजीवांना ही पुराणे वाटतात. तेव्हा त्यांच्याच डोळ्यांदेखत घडलेले सांगतो. ३० जुलै २०२२. कम्युनिटी शील्डचा सामना. एका बाजूला मँचेस्टर सिटीचा नवा स्ट्रायकर एर्लिंग हालंड, दुसऱ्या बाजूला लिव्हरपूलचा नवा डार्विन नुनेझ. नुनेझने गोल केला. हालंडने अगदी शेवटी, समोर गोल मोकळा असताना, चेंडू वरच्या आडव्या दांडीवर मारला. लिव्हरपूल ३–१ ने जिंकले आणि जगभर हालंडची टिंगल झाली. पुढच्याच आठवड्यात त्याने वेस्ट हॅमविरुद्ध दोन गोल केले. ऑगस्ट संपायच्या आत क्रिस्टल पॅलेस आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट ह्यांच्याविरुद्ध लागोपाठ दोन हॅट्ट्रिक! नुनेझला मात्र १५ ऑगस्टला प्रतिस्पर्ध्याला डोके मारल्याबद्दल लाल कार्ड मिळाले आणि तीन सामने तो बाहेर बसला. हंगामाअखेर लीगमध्ये हालंडचे विक्रमी ३६ गोल होते, नुनेझचे ९.

उलटेही घडते. स्वानसीच्या मिचूने २०१२ मध्ये लीगमधल्या पहिल्याच सामन्यात दोन गोल केले आणि त्या हंगामात १८. पण पुढे दुखापतींनी त्याला असे ग्रासले, की २०१७ मध्ये तो निवृत्तही झाला.

मग शौकिनाने पाहावे तरी काय? गोल मोजू नयेत. पाच-सहा सामन्यांतले गोल म्हणजे पुष्कळसा नशिबाचा खेळ. एक चेंडू दांडीच्या आतल्या बाजूला लागतो, एक बाहेरच्या. पेनल्टीसुद्धा शंभरातल्या वीस-पंचवीस हुकतातच. शिवाय स्ट्रायकर एकटा गोल करीत नाही. मागच्याने पास कधी द्यायचा आणि ह्याने धाव कधी घ्यायची, हे जुळायला वेळ लागतो. अर्धे पाऊल आधी पडले की ऑफसाइड, अर्धे पाऊल नंतर पडले की चेंडू गोलकीपरच्या हातात. म्हणून मोजायचे ते हे, की गडी गोलासमोर किती वेळा पोहोचला. हालंडने ती दांडी हलवली, कारण तो नेमका तेथे होता. जो पोहोचतच नाही, त्याची चिंता करावी.

हे सारे मी तावातावाने सांगत होतो, तेवढ्यात आमची ही म्हणाली, “अहो, पण म्हणीत चूक कुठे आहे? शीत दाबून बघतात ते भात शिजत आल्यावर. तांदूळ वैरल्याबरोबर शीत दाबणाऱ्याला आम्ही स्वयंपाकघरातून बाहेर काढतो!”

इतक्या वर्षांच्या अध्यापनात ह्या म्हणीचे इतके नेमके स्पष्टीकरण मी वाचलेले नाही.

ते कामालाही लवकरच आले. आमच्या विभागात यंदा तासिका तत्त्वावर एक तरुण प्राध्यापक आले आहेत. आवाज बारीक, फळ्याकडे तोंड करून बोलण्याची सवय. सहाव्या आठवड्यात मागच्या बाकांवरून तक्रार आली आणि बैठकीत त्यांना बदलण्याचा विषय निघाला. ज्याची नोकरीच मुळी काही महिन्यांची, त्याला सहा आठवड्यांत निकाली काढायचे! मी एवढेच विचारले, की तास संपल्यावर त्यांच्याभोवती मुले थांबतात की नाही? थांबतात, असे दोघा-तिघांनी सांगितले. रोज चार-पाच मुले वही घेऊन उभी असतात म्हणे. म्हणजे गडी गोलासमोर पोहोचतो आहे. चेंडू तेवढा अजून दांडीला लागतो आहे.

सत्र पुरे होईपर्यंत थांबायचे ठरले. पुढचे पुढे. वाचकहो, तुमच्या कचेरीत, दुकानात, घरात ह्या वर्षी कुणी नवे माणूस आले असेल. दिवाळीचा फराळ देताना त्याचे गोल मोजू नका, एवढीच विनंती. आंच लागली आहे. भात शिजू द्या.