स्क्रू फिरवून हात सुधारत नाही

रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, स्क्रूने फिरवता येणारीच घ्यावी, पक्की साइट म्हणजे जुनाट माल, असं हैदराबादेत नव्याने परवाना काढणारे हल्ली ठामपणे सांगतात. मला हे मत चुकीचं वाटतं.

या मताचं मूळ समजण्यासारखं आहे. ईशा सिंग याच शहराची. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने 25 मीटर पिस्तुलात सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य मिळवलं. स्पर्धेच्या पिस्तुलाला फिरती साइट असते आणि तिथे ती हवीच. त्या प्रकारातल्या संथ फेरीत 25 मीटरवरचं दहाचं वर्तुळ जेमतेम 50 मिलिमीटर व्यासाचं असतं. काडतुसाची खेप बदलली, उजेड बदलला, की गोळी सरकते आणि ती स्क्रूने जागेवर आणावी लागते. गच्चीबावलीच्या रेंजवर सराव करणाऱ्या पोरापोरींनी फिरती साइट घ्यावी, याबद्दल माझा वादच नाही.

वाद घरात ठेवायच्या रिव्हॉल्व्हरचा आहे. मागच्या खाचेपासून नळीच्या टोकावरच्या माशीपर्यंतचं अंतर 150 मिलिमीटर धरा. माशी खाचेत अर्धा मिलिमीटर बाजूला दिसली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 83 मिलिमीटर चुकते, पदक गेलंच. तीच चूक सात मीटरवर, म्हणजे घराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सुमारे 23 मिलिमीटरची होते. तेवढ्यासाठी स्क्रू कशाला?

दुसरा युक्तिवाद काडतुसांचा. जड आणि संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर धक्क्याने तोंड वर उचललं जातं, म्हणून ती उंच लागते. वेगवेगळी काडतुसं वापरणाऱ्याला फिरती साइट लागते, हे खरं. पण आपल्याकडे .32 बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा परवानाधारक किती प्रकारची काडतुसं वापरतो? मिळतात तीच, आणि तीही परवान्यावरच्या मर्यादेत. काडतूस बदलत नसेल तर साइट बदलायची कोणासाठी?

आता ‘जुनाट’ या आरोपाचं. 1873 च्या कोल्ट सिंगल ॲक्शनला, म्हणजे दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायच्या रिव्हॉल्व्हरला, मागची साइट म्हणून वरच्या पट्टीत फक्त एक चर होता. 1955 साली रूगर कंपनीने आपल्या ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरला फिरती साइट दिली. मग 1993 साली त्याच कंपनीने व्हॅकेरो काढलं आणि त्यात पुन्हा पक्की साइट आणली. गिऱ्हाइकाला ती हवी होती. पट्टीत कोरलेला चर ना कपड्यात अडकतो, ना धक्क्याने सैल होतो. फिरत्या साइटचा स्क्रू मात्र सैल होऊ शकतो, आणि हे बहुधा गोळी चुकल्यावरच कळतं.

पक्क्या साइटचा तोटा मी नाकारत नाही. गोळी खाली लागत असेल तर माशी कानसावी लागते, आणि कानसलेला धातू परत येत नाही. उंच लागत असेल तर उंच माशी बसवावी लागते. डावी-उजवी चूक असेल तर नळीच किंचित फिरवावी लागते. ही सगळी कामं परवानाधारक कारागिराचीच. घरी कानस लावू नये. पण ती एकदा झाली की कायमची होतात.

खरा घोटाळा वेगळाच आहे. उजव्या हाताचा नवखा माणूस चाप ओढताना झटका देतो, गोळी खाली डावीकडे जाते आणि तो साइट वर उजवीकडे सरकवतो. दुसऱ्या दिवशी हात जरा शांत असतो, गोळी वर उजवीकडे लागते, मग पुन्हा स्क्रू. स्क्रूने गोळ्यांचा घोळका फक्त सरकतो, लहान होत नाही. पक्की साइट ही पळवाटच ठेवत नाही, आणि माझ्या लेखी हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे.

स्पर्धेत उतरणार नसाल तर पक्की साइटच घ्या. रेंजवर हात टेकवून पाच गोळ्या झाडा. पाचही एकाच ठिकाणी पण बाजूला लागल्या तर कारागिराकडे जा. विखुरल्या तर प्रशिक्षकाकडे.