पडलेल्या झाडाला वाली कोण?

झाड तोडायचं म्हटलं की आपल्या गोव्यात केवढा गदारोळ होतो! व्हायलाच हवा. १९८४ सालचा वृक्षसंरक्षण कायदा आहे, परवानगी लागते, बदल्यात नवी झाडं लावावी लागतात. पण झाड एकदा आडवं झालं की सगळ्यांचा रस संपतो. निषेध करणारे घरी जातात, फाईल बंद होते आणि कित्येक वर्षांचं लाकूड दोन तासांत सरपण होऊन टेम्पोत चढतं. मला बोलायचंय ते या दुसऱ्या तोडीबद्दल.

मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आठवा. तेव्हा रस्ते मोकळे करायची घाई होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण रस्तारुंदीसाठी ठरवून तोडलेल्या झाडाचेही हातहातभर तुकडेच का करायचे? 

आपल्या रस्त्यांवरचा रेन ट्री घ्या. मूळचा अमेरिका खंडातला. तिकडे हवाईत याच झाडाचे वाडगे लेथवर कातून पर्यटकांना विकले जातात. आतलं लाकूड तपकिरी, सुंदर रेषांचं, आणि सुकताना फारसं आकसत नाही. आपण ते जाळतो, आणि आपल्या पर्यटकाला 'गोव्याची आठवण' म्हणून बाहेरून आलेला माल विकतो. वा रे वा!

हे काम आपल्याला परकं आहे म्हणावं, तर तसंही नाही. कुंकळ्ळीचे चितारी लाखेच्या रंगांचे पाट-पाळणे करत आले. सीमेपलीकडे सावंतवाडीची लाकडी खेळणी आहेत. कातारी आहे, लेथ आहे. नाही ते लाकूड!

लाकूड वाचवायला फार विद्या लागत नाही. ओंडका त्याच्या जाडीपेक्षा लांब ठेवायचा, मधल्या गाभ्यातून उभा चिरायचा आणि दोन्ही टोकांना त्याच दिवशी मेण किंवा जाड रंग फासायचा. टोकांतून पाणी झपाट्यानं जातं म्हणून लाकूड तडकतं. मग सावलीत, जमिनीपासून उंच ठेवायचं. कातारी ओल्या लाकडाचा जाड वाडगा काढतो. दहा इंची असेल तर भिंत इंचभर ठेवतो, काही महिने सुकू देतो आणि वेडावाकडा झालेला वाडगा पुन्हा कातून सरळ करतो. आंब्याला मात्र उशीर चालत नाही. आपल्या दमट हवेत त्याला बुरशी आणि कीड लगेच धरते.

आता आक्षेप. 'लाकडाला किंमत आली की तोडच वाढेल,' असं काही पर्यावरणवादी मित्र म्हणतात. भीती खरी आहे. म्हणूनच परवानगी देणाऱ्याचा आणि तोडणाऱ्याचा विक्रीशी संबंध नको, पैसा फक्त झाडं लावायला आणि जगवायला जावा. पण सरपणालाही किंमत असतेच की! मग आजची पद्धत सोवळी कशी?

दुसरा आक्षेप वखारवाल्यांचा: रस्त्यावरच्या झाडात खिळे असतात, करवत तुटते. अगदी बरोबर. ते खिळे ठोकले कोणी? क्लासच्या आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या पाट्या लावणाऱ्या आपणच ना? धातू शोधणारं यंत्र फिरवलं की खिळा सापडतो. न लाजता ठोकणारा माणूस मात्र सापडत नाही!

मी स्वतः सरकारी कारकून. लिलाव म्हणजे काय ते जाणतो. सगळा ढीग एकरकमी काढला की तो मोठ्या ठेकेदाराकडेच जातो. दोन ओंडके हवे असणारा कातारी दारातही उभा राहू शकत नाही. म्हणून पालिकांनी आणि पंचायतींनी एवढं करावं: तोडीच्या आदेशातच लाकूड किती लांबीचं कापायचं ते लिहावं, एक सावलीची जागा द्यावी आणि ओंडके सुटे विकावेत, कारागिरांना आधी. यासाठी नवं खातं नको, आदेशात दोन ओळी वाढवल्या तरी पुरे.

झाड वाचवता आलं नाही ही एक हार. त्याचं लाकूड जाळणं ही दुसरी, आणि ती टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. तुमच्या वाड्यावर पुढचं झाड पडेल तेव्हा तुकडे होण्याआधी पंचायतीत जाऊन विचारा: लाकूड कुठं चाललंय?